सहावा अणू

ग्रेसीचं यंत्र पहिली तीन वर्षं नुसतं गळत होतं. गळत होतं म्हणजे त्यातून काही सांडत नव्हतं. बाहेरची हवा आत शिरत होती. पोलादी पिंपं, काचेच्या जाड खिडक्या, चार पंप, दीड मीटर लांबीची निर्वात नळी आणि हे सगळं एकमेकांना धरून ठेवणारे तीनेकशे बोल्ट. त्यातला एक जरी तिरका आवळला गेला तरी आठवड्याची मेहनत वाया. वसईच्या पाचूबंदरहून ती सकाळी निघायची, मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात पोचायची आणि दिवसभर एकेका सांध्यावर स्पिरिटचा थेंब सोडून मापकाचा काटा कुठे हलतो ते बघत बसायची. तिच्या हाताला तो वास कायमचा बसला होता. घरात सगळ्यांच्या अंगाला मासळीचा वास, आणि तिची आई रेजिना तिलाच म्हणायची, "तुज्या हाताला दवाखान्याचा वास येतो गो."

ती पीएच.डी.साठी रुजू झाली ते साल १९९४. पाचूबंदरातल्या तिच्या बरोबरीच्या मुलींपैकी दोघी नर्स झाल्या होत्या, एक शाळेत शिकवत होती. पण फिजिक्समध्ये डॉक्टर व्हायला निघालेली ग्रेसी पहिलीच. तिचा बाप पीटर होडीवरचा माणूस. लेकीचं काम नेमकं काय, ते त्याला कळत नसे, पण विचारायला तो कधी लाजला नाही.

"म्हंजे तू धातूचा धूर करते?"

"धूरच म्हण. धातूच्या कांडीवर लेझरचा झोत मारायचा, की त्याची वाफ होते. वाफेत अणू सुटे असतात. त्यांच्यावर गार वायूचा फवारा सोडला की ते एकमेकांना धरतात. दोनाचा पुंजका, तिनाचा, चाराचा, दहाचा."

"आनि मग?"

"मग त्यांना नळीतून पळवायचं. हलका आधी पोचतो, जड मागून. वेळ मोजला की वजन कळतं. मग त्यातला एकच पुंजका निवडायचा, दुसऱ्या लेझरने त्याला मारायचं आणि कुठे फुटतो ते बघायचं."

"जुळलेलं फोडायचं कशाला?"

"फुटतानाच कळतं ना बाबा, कोन कोनाला किती घट्ट धरून होतं ते."

पीटर मान हलवायचा आणि बंदरावर जाऊन सांगायचा, "लेक माजी धातूच्या गाठी सोडवते."

घरी ती 'पानी' म्हणायची आणि संस्थेत 'पाणी'. तिच्या मार्गदर्शक डॉ. मनोरमा देवस्थळी यांनी पहिल्याच महिन्यात एकदा हसत हसत तिचा तो 'न' दुरुस्त केला होता. बाई वाईट नव्हत्या. ग्रेसीसाठी त्यांनी दिल्लीला चार चार पत्रं लिहून लेझर मिळवला होता. पण त्यांचं सगळं आयुष्य त्या तळघरात गेलं होतं, लेझर आला तेव्हा निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि नाव व्हावं असं काही अजून हाती लागलं नव्हतं.

१९९७च्या डिसेंबरात दुसरा लेझर बसला. आता फोडण्याचं काम सुरू करायचं, तर बिस्मथ या धातूची कांडी संपली. परदेशातून आलेली ती एकुलती एक कांडी यंत्राची गळती शोधण्यात आणि नुसत्या चाचण्यांतच झिजून गेली होती. नवीन मागवली, पण ती कुठल्याशा परवान्यात अडकली. कपाटात शुद्ध बिस्मथच्या दाण्यांची एक पुडी मात्र होती. संस्थेच्या वर्कशॉपने वितळवण्याचं काम आपलं नाही म्हणून हात वर केले.

"कुठूनही ओतून आण," बाई म्हणाल्या. "मार्चच्या आत आकडे हवेत मला."

प्रयोगशाळेतला सहायक जितेश, नालासोपाऱ्याला राहणारा, याने कागदावर माप काढून दिलं: सहा मिलिमीटर जाड, पन्नास लांब. तो कागद आणि ती पुडी घेऊन ग्रेसी घरी आली.

ओतकाम पीटरच्या हातचंच. जाळ्याच्या खालच्या दोराला ओवायच्या शिशाच्या गोळ्या तो वर्षानुवर्षं अंगणात ओतायचा. लोखंडी पळी होती, शेगडी होती. पळी त्याने वाळूने घासली, राखेने घासली, पुन्हा वाळूने घासली. पाइपाचा तुकडा उभा चिरून साचा केला, त्याला आतून दिव्याची काजळी धरली. पहिली कांडी साच्यात रुतून बसली. पीटर चकित झाला.

"हा उलटाच धातू गो. निवल्यावर आकसायचा सोडून फुगतो."

दुसऱ्या खेपेला त्याने चीर थोडी सैल ठेवली. कांडी अलगद सुटली. तिच्या एका टोकाला निळा-जांभळा रंग चढला होता. ती कापडात गुंडाळून लेकीच्या हातावर ठेवताना पीटरचा चेहरा असा झाला होता, की जणू त्यानेच डॉक्टरकी पास केली.

ग्रेसी तिथेच उभी होती. हवेचा एक कण आत जाऊ नये म्हणून तीन वर्षं बोल्ट आवळत बसलेली मुलगी त्या पळीकडे बघत होती आणि तिच्या मनात काहीसुद्धा आलं नाही. नंतर तिने स्वतःला हे किती वेळा विचारलं असेल, त्याला गणती नाही. उत्तर एवढंच मिळायचं, की बाबा खूश होता.

फेब्रुवारीत आकडे यायला लागले.

बिस्मथच्या पुंजक्यांची एक रीत असते. एक इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या पुंजक्यात तीन, पाच, सात असे विषम अणू असले, तर उरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या पुऱ्या लागतात आणि पुंजका घट्ट राहतो. अणू सम असले तर एक इलेक्ट्रॉन एकटा पडतो आणि मारा बसला की पुंजका लगेच फुटतो. चाराचा फुटत होता. आठाचा फुटत होता. सहाचा फुटेना. म्हणजे बराचसा फुटायचा, पण आलेखावरचं त्याचं शिखर एका उंचीपर्यंत खाली यायचं आणि तिथेच थांबायचं. लेझरचा जोर दुप्पट केला तरी तिथेच. ग्रेसीने तीन आठवडे तेच तेच मोजलं, तेव्हा कुठे बाईंना बोलावलं.

मनोरमाबाई पडद्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे कोणी पाहिलेलं नाही, ग्रेसी."

वर्ष संपायच्या आत शोधनिबंध छापून आला. बंगळूरच्या परिषदेत ग्रेसी बोलली. एक जर्मन प्राध्यापक चहाच्या रांगेतून तिला शोधत आले, आणि पदवी हातात पडली की दोन वर्षं आमच्याकडे या म्हणाले. पाचूबंदरच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर फादरांनी तिचं नाव घेतलं. पीटर पुढच्या बाकावर होता. बाहेर आल्यावर भेटेल त्याला तो सांगत होता, "कांडी माज्या हातची."

१९९९च्या उन्हाळ्यात तिने प्रबंध सादर केला. डिसेंबरात परीक्षकांचे अभिप्राय आले. दोघांनी वाखाणला होता. तिसऱ्याने एकच ओळ जास्त लिहिली होती: सहाच्या पुंजक्याचा प्रयोग नव्या नमुन्यावर एकदा करून दाखवावा.

योग असा, की परवान्यात अडकलेली परदेशी कांडी जानेवारीत आली. ग्रेसीने ती बसवली, यंत्र सुरू केलं आणि सहाच्या पुंजक्यावर झोत सोडला. शिखर खाली आलं, आणखी खाली आलं आणि गेलं. चाराचं जायचं तसंच.

तिला वाटलं, यंत्र गळतंय. पुन्हा स्पिरिट, पुन्हा बोल्ट. दोन आठवडे ती आणि जितेश एकेक सांधा तपासत होते. यंत्र ठणठणीत होतं. शेवटी तिने जुन्या कांडीचा कीस काढला आणि दुसऱ्या विभागात रासायनिक तपासणीला दिला. चिठ्ठी चार दिवसांनी आली. शंभरात तीन भाग शिसं.

चिठ्ठी वाचल्या वाचल्या तिला सगळं कळलं. शिशाचा अणू बिस्मथपेक्षा वजनाला जेमतेम एक-दोन मापांनी हलका. सहाच्या पुंजक्याच्या साडेबाराशे मापांत एक-दोनाचा फरक, तो तिच्या यंत्राला दिसणारच नव्हता. पण शिशाकडे इलेक्ट्रॉन एक कमी. पाच बिस्मथ आणि सहावं शिसं असा पुंजका झाला की एकटं कोणी उरत नाही, जोड्या पुऱ्या लागतात. चारात, आठातही तसं होत असणार, पण सहाची बांधणीच अशी, की ती माऱ्याला पुरून उरत होती. तो फुटत नव्हता, कारण तो बिस्मथचा सहाचा पुंजका नव्हताच. वाळूने घासलेल्या पळीत, डोळ्याला न दिसणारं, तळाशी धरून बसलेलं शिसं होतं ते.

ती चिठ्ठी घेऊन बाईंकडे गेली. जितेश दारापाशी पंपाचं तेल बदलत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा काढून डोळे चोळले.

"जुन्या कांडीचा तुकडा उरलाय?"

"इंचभर असेल."

"त्याच्यावर घे तो आलेख. परीक्षकाला पाठव. पदवी पदरात पडू दे, जर्मनीला जा. वर्षाभराने आपण शांतपणे दुरुस्ती छापू. चुका सगळ्यांच्या होतात."

"पण मॅडम, त्यांनी नवा नमुना म्हटलंय."

"सहा वर्षं झाली तुला, ग्रेसी. माझं सोड. तुझं काय होईल ते बघ."

ग्रेसीने ते केलं. कोणी तिचा हात धरून करवून घेतलं नाही. जुना तुकडा बसवला, आलेख काढला, खाली 'नवा नमुना' असं टंकलं आणि पाकीट स्वतः टपालात टाकलं. त्या दिवशी घरी येऊन ती पोटभर जेवली, हेही तिला पुढे आठवायचं आणि शिसारी यायची.

तोंडी परीक्षेची तारीख मे महिन्यातली ठरली. एप्रिलमध्ये तिला एक ईमेल आली. पुण्याची क्षितिजा नावाची संशोधक विद्यार्थिनी होती, संगणकावर अशाच पुंजक्यांची गणितं करणारी. तिने लिहिलं होतं: 'ताई, तुमचा निबंध माझ्या प्रबंधाचा पाया आहे. गेलं दीड वर्ष सहाच्या पुंजक्याची बांधणी मी मोजतेय आणि तो काही केल्या घट्ट येत नाही. सर म्हणतात, प्रयोग खोटा असत नाही, तुझंच गणित चुकतंय. मी नऊ वेळा सगळं पहिल्यापासून केलं. आता माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. माझं कुठे चुकतंय, ते तुम्ही सांगाल का?'

ग्रेसीने ती ईमेल बंद केली. दुसऱ्या दिवशी उघडली, पुन्हा बंद केली. असे आठ दिवस काढले. नवव्या दिवशी उत्तर लिहिलं: 'तुझं काही चुकलेलं नाही. माझ्या धातूत शिसं होतं. मला जानेवारीपासून माहीत आहे.' हे लिहून झाल्यावर पुढचं लपवण्यात काही अर्थच उरला नव्हता. तिने निबंध मागे घेण्याचं पत्र लिहिलं, परीक्षकाला पाठवलेल्या आलेखाची कबुली लिहिली आणि दोन्ही कागद संस्थेच्या कार्यालयात दिले.

क्षितिजाचं उत्तर दोन ओळींचं आलं. 'माझं दीड वर्ष गेलं. पण मला वेड लागलेलं नव्हतं, एवढं कळलं.'

तोंडी परीक्षा रद्द झाली. जूनमध्ये चौकशी समिती बसली. मनोरमाबाईंनी समितीला सांगितलं, की नवी कांडी आल्याचं आपल्याला ठाऊक नव्हतं, मुलीने आपल्याला अंधारात ठेवलं. जितेशला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, की आपण यंत्राचं बघतो, बाकीचं आपल्याला समजत नाही. ग्रेसीने बाईंचं नाव घेतलं, पण कागदावर काहीच नव्हतं. आलेखाखाली टंकलेले शब्द तिचे होते, पाकिटावरचं अक्षर तिचं होतं. समितीने तिची नोंदणी रद्द केली. जर्मन प्राध्यापकांनी एक सभ्य पत्र पाठवलं. त्यानंतर त्यांचं काही आलं नाही.

घरी तिने आठवडाभर काहीच सांगितलं नाही. एका दुपारी पीटर ओट्यावर जाळं सांधत बसला होता. ती कामावर जात नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"मशीन बिघडलं का?"

"नाही."

"मग कांडी संपली असल. दाने आन, मी दुसरी ओतून देतो. आता माला जमतं ते, फुगनारं."

आणि ग्रेसीचा तोल गेला. "नको मला तुझी कांडी! त्या कांडीनेच घात केला. तुझ्या पळीत शिसं होतं, बाबा. सगळं खोटं निघालं. गेली पदवी, गेलं सगळं."

पीटरच्या हातातली सुई थांबली. आतून रेजिना बाहेर आली आणि दोघांकडे बघत राहिली.

"मी तीनदा घासली व्हती," पीटर एवढंच म्हणाला.

ग्रेसीला तेव्हाच सांगता आलं असतं, की बाबा, शिशाने पदवी गेली नाही, ती माझ्या खोट्याने गेली. तेच खरं होतं. पण बापापुढे ते तोंडातून निघालं नाही. तिने ते शिसं त्याच्या माथी ठेवलं आणि ती आत निघून गेली.

पुढची गोष्ट तिला जितेशकडून कळली, तीही ऑगस्टात, तिच्या कपाटातली पुस्तकं द्यायला तो वसईला आला तेव्हा. तो तिच्याकडे सरळ बघत नव्हता.

"तुझे वडील आले होते संस्थेत. मागच्या महिन्यात."

"कोण? बाबा?"

"चर्चला घालतात तसा पांढरा शर्ट घालून. गेटवर आत सोडेनात, पास नव्हता. दोन तास उभे होते. मग मॅडम स्वतः गेटवर गेल्या. मी पण गेलो मागून."

पीटरने बाईंना हात जोडले होते. म्हणाला होता, शिसं माज्या पळीतलं, पोरीला त्यातलं काय ठावूक नव्हतं, जी काय शिक्षा ती माला द्या. बाई मवाळपणे म्हणाल्या होत्या, "काका, तुमची काही चूक नाही हो यात."

"मग कोनाची हाय?" पीटरने विचारलं होतं.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं होतं आणि मीटिंग आहे म्हणून आत गेल्या होत्या. जितेशने पीटरला स्टेशनपर्यंत सोडलं. 

"मी तेव्हा समितीसमोर…" जितेशने सुरुवात केली. ग्रेसी म्हणाली, "पुस्तकं तिथे ठेव."

पीटरने या फेरीचा घरात कधी उल्लेख केला नाही. तिनेही विचारलं नाही. पण त्यानंतर त्याने तिच्या कुठल्याच वस्तूला हात लावला नाही. तिच्या टेबलाचा पाय निखळला, तेव्हा त्याने सुतार बोलावला. तिच्या खोलीतली ट्यूब गेली, छत्रीची तार मोडली, तरी तो ती दुसऱ्या कोणाकडे द्यायचा. "माजा हात नको लागायला," म्हणायचा. रागाने नाही. सांभाळून, एखाद्याला आपला आजार लागू नये म्हणून लांब बसावं तसं. आणि हेच ग्रेसीला सोसत नसे.

बाई २००१च्या मार्चमध्ये निवृत्त झाल्या. त्याआधी ग्रेसीने एकदा संस्थेला अर्ज केला होता, की मोजून शिसं मिसळलेल्या कांडीवर काम करू द्यावं, त्यात खरोखरच काहीतरी आहे. उत्तर आलं नाही. तिने नालासोपाऱ्याला एका क्लासमध्ये बारावीचं फिजिक्स शिकवायला घेतलं, मग विरारच्या एका ज्युनिअर कॉलेजात, वर्षावर्षाच्या कंत्राटावर. मुलं चांगली होती. ती मन लावून शिकवायची. पण निर्वात नळीचा धडा आला, की फळ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि तास संपेपर्यंत नुसत्या आकृत्या काढायची.

२००४च्या जानेवारीत टपालाने एक झेरॉक्स आली. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण अक्षर जितेशचं. परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने बिस्मथमध्ये मुद्दाम शिसं मिसळून तोच प्रयोग केला होता. पाच आणि एक. पुंजका अतिशय स्थिर, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या पूर्ण. बारा पानं, सुबक आलेख. शेवटच्या पानावर बारीक टाइपात एक टीप होती: असं शिखर पूर्वी एकदा अपघाती भेसळीमुळे नोंदलं गेलं होतं, ते निरीक्षण नंतर मागे घेण्यात आलं. त्यापुढे ग्रेसीचं नाव.

तिने ती टीप तीन-चार वेळा वाचली. मग कागद घेऊन ओट्यावर आली. पीटर भिंतीला टेकून उन्हात बसला होता. होडीवर जाणं त्याने आदल्या वर्षी सोडलं होतं. गुडघे साथ देत नव्हते.

"बाबा, तुला एक सांगायचंय. तुझ्या कांडीत होतं ना, शिसं? तेच बरोबर निघालं. मोठ्या लोकांनी छापलंय. पाच बिस्मथ आणि एक शिसं, तोच सगळ्यात घट्ट. तुझी कांडी खोटी नव्हती. मी त्याला नाव चुकीचं दिलं आणि वर खोटं बोलले. ते मी केलं, बाबा. तू नाही."

साडेतीन वर्षांनी ती हे बोलली होती. पीटरने कागद हातात घेतला नाही, नुसता बघितला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. आलेखातल्या उंच रेघेवर त्याची नजर क्षणभर थांबली.

"मग आता तुला पदवी देतील?"

"नाही."

"परत घेतील कामावर?"

"नाही, बाबा. ते संपलं आता."

 समोर ओहोटी लागलेल्या खाडीत होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. पीटर म्हणाला, "मग माला कशाला सांगते?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.  ग्रेसी थोडा वेळ त्याच्याशेजारी बसली. मग उठली, कागद घडी करून पिशवीत घातला आणि पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला आत गेली.